मेनू नसलेले कार्ट्रिज

शनिवार, १५ एप्रिल २०२३. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. जबलपूरच्या रांझी भागाजवळच्या संरक्षण कारखान्यातल्या तपासणी खोलीत प्रतिमा खोब्रागडे कामाला लागल्या आहेत. डाव्या हाताला धातूच्या नळ्यांचा ढीग, उजवीकडे दोन ट्रे, हातात दोन टोकांचे गेज. गेजचे एक टोक नळीत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. दोन्ही अटी पाळणारी नळी हिरव्या ट्रेमध्ये पडते, न पाळणारी लाल ट्रेमध्ये. हिरव्या ट्रेमध्ये गेलेली नळी पुन्हा उचलायची नाही, हा खोलीचा जुना नियम. पास म्हणजे पास.

शेजारच्या टेबलावरचे श्यामसुंदर तिवारी नळीतून डोळा न काढता विचारतात, "मॅडम, कल आपके गेम का क्या हुआ? पास?"

"एक पास, दो रिजेक्ट," प्रतिमाताई सांगतात आणि पुढची नळी उचलतात.

हा खेळ कारखान्यातला नव्हे. तो प्रतिमाताईंनी घरी, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर तयार केला. तो चालतो गेमबॉयवर, म्हणजे नव्वदच्या दशकात मुलांच्या हातात असणाऱ्या, चार सेलवर चालणाऱ्या, हिरवट पडद्याच्या यंत्रावर. आणि त्यावर विहारातल्या मराठी वर्गाचे भवितव्य अवलंबून होते.

प्रतिमाताईंचे आजोबा अंबादास भंडाऱ्याहून या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. १९५६ साली नागपूर दुसऱ्या राज्यात गेले. अंबादास नोकरीमुळे इथेच राहिले, आणि त्यांच्यासारखी बरीच कुटुंबे राहिली. पहिली पिढी घरात आणि बाहेर मराठी बोलली. दुसरी घरात मराठी आणि बाहेर हिंदी. तिसरीतल्या प्रतिमाताई आता चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. त्या एकाच वाक्यात दोन्ही बोलतात. चौथी पिढी मराठी ऐकते. "जेवायला चल" म्हटले की मूल उठून येते, पण उत्तर मिळते, "आ रहा हूँ ना."

या चौथ्या पिढीसाठी प्रतिमाताई नऊ वर्षे विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी मराठीचा वर्ग घेतात. सुरुवातीला चटया कमी पडायच्या. गेल्या पावसाळ्यापासून चटया गुंडाळलेल्याच राहू लागल्या. फेब्रुवारीत समितीची बैठक झाली. अध्यक्ष गुलाबराव नंदेश्वर याच कारखान्याच्या, काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांच्या विभागातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी विषय काढला.

"प्रतिमा, दोन पोरांसाठी पंखा चालवून राहिलो आपण. स्पर्धा परीक्षावाले खोली मागून राहिले. त्यांची वीस पोरं आहेत. मी काय सांगू त्यांना?"

"काका, जयंतीपर्यंत थांबा."

"जयंतीले काय होणार हाय?"

"मी एक गोष्ट आणतो आहे. पोरं बसली तं बसली."

"बसली तं वर्ग राहील. नाही बसली तं एक मेपासून खोली त्यांची. मंग रडायचं नाही."

"रडतं कोण?" प्रतिमाताई म्हणाल्या. बैठकीच्या पुस्तकात याची नोंद झाली नाही. दोघांनाही तिची गरज वाटली नाही.

ती गोष्ट म्हणजे हा खेळ. एक मुलगी वस्तीतून आजीच्या घरी जाते आहे. वाटेत बारा घरे लागतात. प्रत्येक दारात कोणीतरी उभे असते आणि काही विचारते: काहून आली? कोणाची गं तू? भाकर खाशील का? खाली तीन उत्तरे दिसतात. बरोबर उत्तर निवडले की दार सरकते. बाकी काही नाही. मारामारी नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. अक्षरे काढणे हे सगळ्यांत किचकट काम होते. या यंत्राचा पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींचा असतो. इंग्रजी अक्षर एका चौकटीत बसते. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणजे एकावर एक तीन चौकटी लागतात. प्रतिमाताईंनी प्रत्येक अक्षर आधी चौकटीच्या कागदावर काढले, मग पडद्यावर. 'ढ' आणि 'ढू' वेगळे ओळखू यायला एक आठवडा गेला.

मोबाइलवरच का नाही, असे अनेकांनी विचारले. प्रतिमाताईंचे उत्तर ठरलेले होते: मोबाइल हातात दिला की तिसऱ्या मिनिटाला मूल व्हिडिओवर असते. गेमबॉयला इंटरनेट नाही. त्याच्यात जे कार्ट्रिज घालाल तेवढेच ते दाखवते.

यंत्रे मिळाली ती बंडूमुळे. बंडू त्यांचा धाकटा भाऊ. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढा भागात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. गुरंदीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून त्याने एकदा बिघडलेल्या खेळण्यांची पोती उचलली. त्यात तीन गेमबॉय निघाले. त्याने पडदे बदलले, सेलच्या पट्ट्यांवरचा गंज खरवडला आणि तिन्ही चालू केले. प्रश्न राहिला कार्ट्रिजचा. प्रतिमाताईंचा खेळ लॅपटॉपमध्ये होता. तो यंत्रात न्यायचा तर फ्लॅश कार्ट्रिज लागते, म्हणजे आपल्याला हवा तो खेळ लिहिता येईल असे कोरे कार्ट्रिज. आणि ती दोन प्रकारची मिळतात.

मार्चच्या पहिल्या शनिवारी प्रतिमाताई शिफ्ट संपल्यावर बसने गढ्याला गेल्या. बंडूने काउंटरवर पहिला प्रकार ठेवला. त्याच्या पाठीत मोबाइलसारखे मेमरी कार्ड बसत होते.

"ताई, हे घे. इसमें सब आता है. कार्ड काढ, लॅपटॉपले लाव, नवीन फाइल टाक, झालं. तू तं रोज काही ना काही बदलून राहिली. तुझ्यासाठी हेच बरं."

"आणि दुसरं?"

"दुसरं एकदम साधं. एकच गेम बसतो. स्विच ऑन केला की सीधा तोच चालू. पण लिहायले हे मशीन लागतं." त्याने ड्रॉवरमधून एक छोटी पेटी काढून दाखवली. "ते माझ्याकडे हाय. म्हणजे एक शब्द जरी बदलायचा असंल तं रांझीहून गढ्याले ये. पेट्रोल जाळ."

"मी बसनं येतो."

"मंग बस जाळ."

बंडूचे म्हणणे खोटे नव्हते. प्रतिमाताई वर्षभर हा खेळ दुरुस्त करत होत्या. तिसऱ्या घरातल्या काकूंचा पदर चार वेळा बदलला होता. दाराचा आवाज दोनदा. गेजवर हजारो नळ्या पास करणाऱ्या या बाईला स्वतःचा खेळ एकदाही हिरव्या ट्रेमध्ये टाकता आला नव्हता. मेमरी कार्डाचे कार्ट्रिज घेतले असते तर जयंतीच्या सकाळपर्यंत दुरुस्त्या करता आल्या असत्या. त्यांनी ते तपासायला घरी नेले.

तपासणीला बंडूची मुलगी मनीषा होती. ती दहा वर्षांची आहे. ती प्रतिमाताईंना आत्या म्हणते, आणि त्या एका शब्दानंतर सगळे हिंदीत.

कार्ड बंडूकडून आले तेव्हा ते दुसऱ्यांच्या खेळांनी भरलेले होते. प्रतिमाताईंनी ते सगळे पुसले आणि फक्त आपला खेळ ठेवला. तरीही यंत्र सुरू झाल्यावर आधी कार्ट्रिजचा स्वतःचा इंग्रजी मेनू आला. मनीषाने खेळ निवडला नाही. ती मेनूत खाली गेली, मग आत, मग आणखी आत. तिथे पडद्याचे रंग बदलायची सोय होती.

"आत्या, देखो, गुलाबी हो गया!"

"खेळ कुठे गेला?"

"रुको ना, अभी नीला करती हूँ."

ती अर्धा तास रंग बदलत राहिली. मग आत कुठेतरी तिने असे काही दाबले की सुरुवातीला खेळाचे नावच दिसेना. प्रतिमाताईंना ते परत आणायला संध्याकाळ गेली. शिवाय त्या कार्ट्रिजने सेलही लवकर संपवले. दुसऱ्या दिवशी बंडूने साध्या प्रकारचे एक कार्ट्रिज पाठवले. मनीषाने यंत्र सुरू केले. पडद्यावर मुलगी उभी होती आणि पहिल्या घराच्या दारातली बाई विचारत होती, "कोणाची गं तू?" निवडायला दुसरे काहीच नव्हते. मनीषाने मान वर केली.

"आत्या, ये पूछ रही है मैं किसकी हूँ."

"मंग सांग ना तिला."

प्रतिमाताईंचा निर्णय तिथे झाला. बंडूला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला.

"ताई, पाहून घे. एकदा लिहिलं की लिहिलं. जयंतीच्या आदल्या रात्री मले फोन करून 'पदर बदल' म्हणशील तं मी दुकान बंद करून पळून जाईन."

"नाही करत."

"लिहून दे."

"चल, काहीही."

साध्या प्रकारातही दोन बनावटी मिळत होत्या. प्रतिमाताईंनी दोन्हींचा एकेक नमुना मागवला आणि घरच्या व्हर्नियरने जाडी मोजली. माप म्हणून त्यांनी बंडूच्या पोत्यातून निघालेले एक मूळ कार्ट्रिज घेतले. पहिल्या बनावटीचे कवच किंचित जाड भरले. ते यंत्रात जात होते, पण अडकून, आणि असे वारंवार घातले तर आतल्या पिना वाकल्या असत्या. ते लाल ट्रेमध्ये गेले. दुसऱ्याचे माप बरोबर आले. त्यात बॅटरी नव्हती, म्हणजे अर्धवट सोडलेला खेळ लक्षात राहणार नव्हता. बंडूला ही उणीव वाटली. प्रतिमाताईंना नाही. बंद करून पुन्हा लावले की मुलाला पहिल्या दारापासून बोलावे लागणार होते; वर्गात त्या तेच करून घेतात. अशी तीन कार्ट्रिज ठरली. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांनी फाइल बंडूला दिली. बंडूने तिन्ही लिहून दिली. त्यानंतर त्यांनी लॅपटॉपवरचा तो फोल्डर उघडला नाही, असे त्या सांगतात. बंडू सांगतो की दोनदा फोन आला होता, पण तो त्याने उचलला नाही.

तेरा एप्रिलला, जयंतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी विहाराची सफाई असते. बायका फरशी धुतात, मुले पताका बांधतात, आणि पितळेचे जे काही असेल ते गुलाबराव घासतात. समया, दानपेटीची कडी, दारावरची नावाची पाटी. बत्तीस वर्षे पितळी पुंगळ्या चकचकीत करून त्यांनी नोकरी केली आहे. त्यांची स्वतःची पेस्ट आहे, पांढरी, डबीत. आणि स्वतःचे फडके आहे, ज्याला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नाही.

प्रतिमाताई तीन यंत्रे आणि तीन कार्ट्रिज एका डब्यात घालून घेऊन आल्या. डबा टेबलावर ठेवून त्या फरशीला पाणी आणायला नळावर गेल्या. परत आल्या तेव्हा गुलाबराव खिडकीपाशी उजेडात बसले होते आणि दुसरे कार्ट्रिज फडक्याने पुसत होते. त्याच्या खालच्या फटीतून पिवळ्या पट्ट्या दिसतात. त्या आता समईसारख्या चमकत होत्या.

"काका, काय करून राहिले?"

"पितळ हाय ना हे? कळकट दिसून राहिलं होतं. म्हटलं, बाबासाहेबांच्या जयंतीले काळं पितळ कशाला?" त्यांनी ते उजेडात धरले. "पाहा बरं, कसं झालं!"

प्रतिमाताईंनी ते हातातून घेतले. पट्ट्यांच्या मध्ये पांढरी पेस्ट बसली होती.

"ते पितळ नाही, काका. सोनं हाय. एकदम पातळ, वरून चढवलेलं."

गुलाबरावांनी फडके खाली ठेवले.

"सोनं होतं तं कुलूप लावून ठेवायचं ना, पोरी. असं टेबलावर कोणी सोनं ठेवतं काय?"

तिसऱ्या कार्ट्रिजपर्यंत ते पोचले नव्हते. घासलेल्या दोन्हींवर प्रतिमाताईंनी घरी स्पिरिट आणि कापूस लावला. पेस्ट निघाली, आणि तिच्याखालचा पिवळेपणाही बराचसा निघालेला दिसला. एक कार्ट्रिज सुरूच झाले नाही. दुसऱ्याने पडद्यावर एक काळी पट्टी दाखवली आणि तिथेच थांबले. बंडूकडे आणखी कोरी कार्ट्रिज नव्हती. आता मेमरी कार्डवाली दोन घेऊन येतो, असे तो फोनवर म्हणाला. प्रतिमाताईंनी विचार केला आणि नको म्हणून सांगितले. तीन मुलांतली दोन पडद्याचे रंग बदलत बसली असती, तर गुलाबरावांना वर्ग चालू ठेवायला कारण उरले नसते.

म्हणून शुक्रवारी, चौदा तारखेला, बुद्धवंदना झाल्यावर मागच्या खोलीत टेबलावर एकच यंत्र होते. गुलाबराव दारात खुर्ची टाकून बसले होते. खीर वाटून झाली होती आणि मुले रिकामी होती. आधी मनीषा आली, कारण तिला माहीत होते. तिच्यामागे चार जण आले, मग आणखी काही. यंत्र एकाच्याच हातात राहू शकते. पडदा तळहाताएवढा, मागून प्रकाश नसलेला. बाकीच्यांना दिसावे म्हणून हातातल्याला प्रश्न मोठ्याने वाचावा लागला. ज्याला वाचता येत नव्हते त्याला दुसऱ्याने वाचून दाखवला. उत्तर निवडायला जो तो सांगू लागला.

"दूसरा वाला दबा!"

"अरे नहीं, 'मी मोतीरामची नात' दबा, वही सही है."

"कौन मोतीराम?"

"मेरे दादाजी थे. आत्या ने डाला है."

मोतीराम म्हणजे प्रतिमाताईंचे आणि बंडूचे वडील. त्यांच्या नावाने पहिले दार उघडले. तीन-चार घरांनंतर "दूसरा वाला" मागे पडले, कारण घाईत कोणी दुसरा कुठला ते मोजत नव्हते. उत्तरच ओरडणे सोपे होते. सातव्या घरात गंमत झाली. दारातली बाई विचारते, "आई कुठं आहे तुझी?" उत्तरे तीन: घरी आहे, विहारात आहे, चुलीवर आहे. तिसरे मुद्दाम चुकीचे ठेवलेले होते. ते कोणीतरी चेष्टेने दाबले आणि दार सरकले. ही प्रतिमाताईंची चूक. वर्षभराच्या दुरुस्त्यांत ती सुटली होती.

मुले काही क्षण पडद्याकडे पाहत राहिली आणि मग हसत सुटली. एक मुलगा जमिनीवर बसला. "मम्मी चूल्हे पे बैठी है!" त्यांनी यंत्र बंद केले, पुन्हा लावले, पहिल्या दारापासून सहा दारे धावत पार केली आणि सातव्यापाशी सगळे मिळून ओरडले, "चुलीवर! चुलीवर!" मग तिसऱ्यांदा. प्रतिमाताई भिंतीपाशी उभ्या होत्या. त्यांना चूक दिसली होती आणि ती आता दुरुस्त करता येत नाही हेही. पण जो हसत होता त्याला वाक्य कळले होते. न कळलेला शेजाऱ्याला विचारत होता आणि मग हसत होता.

एका घरातल्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाशी गाडी अडली. "सांजच्याले काय खाल्लं?" मनीषालाही ते वाचून अर्थ लागला नाही. मुलांनी प्रतिमाताईंकडे पाहिले. त्यांनी दाराकडे बोट केले.

"दादाजी, सांजच्याले क्या होता है?"

गुलाबराव खुर्चीतून उठले. "रातच्या आधी जे होते ते. संध्याकाळी. शाम को." ते टेबलापर्यंत आले. "पाहू दे बरं, काय विचारून राहिला तो म्हातारा."

"आप मत छूना!" मनीषाने यंत्र मागे ओढले. "आपने दो खराब कर दिए."

"हाव, केले ना खराब. मी कुठं नाही म्हणून राहिलो? वाच, तूच वाच."

अंधार पडल्यावर पडद्यावर काही दिसेना तेव्हा मुले घरी गेली. गुलाबरावांनी चटया स्वतः गुंडाळल्या, एरवी ते काम ते करत नाहीत.

"पोरं बसली," ते म्हणाले.

"बसली."

"स्पर्धा परीक्षावाल्यांना अकरानंतर देऊ खोली. त्यांची पोरं तशीही उशिरा उठतात." मग दारात थांबून म्हणाले, "आणि त्या दोनाचं काय? बंडूले नवीन आणायले सांगतो का मी?"

"नको, काका. एकच बरं."

तेवढेच झाले. खेळाने मुलांना मराठी आली असे प्रतिमाताई म्हणत नाहीत. काल खोलीत आलेली मुले रविवारी येतील की नाही, हेही त्या सांगत नाहीत. खोली राहिली, इतकेच त्या सांगतात.

शनिवारी दुपारी कारखाना सुटल्यावर त्या गेटवर ठेवलेला मोबाइल घेतात. बंडूचा फोन येऊन गेलेला असतो. त्या सायकल स्टँडपाशी उभ्या राहून लावतात.

"ताई, मनीषा सांगून राहिली, चुलीवरचं दार उघडतं म्हणे. घेऊन ये ते कार्ट्रिज. दोन मिनिट का काम है, ठीक कर देता हूँ."

"नको."

"काहून?"

"पास झालं ते."

"अवो, पण चूक हाय ना त्याच्यात!"

"माहीत आहे," प्रतिमाताई म्हणतात. "राहू दे."

उद्या रविवार. मराठीचा वर्ग विहाराच्या मागच्या खोलीत साडेनऊ ते अकरा आहे. चावी गुलाबरावांकडे असते, आणि ते खोली सव्वानऊला उघडतात.